कपाळभर पाणी

गाडी शिकवणाऱ्या बाईने शेजारच्या सीटवर निदान बूड टेकून बसावं, एवढी शिकणाऱ्याची माफक अपेक्षा असते. भिंगरीच्या हाताखाली शिकलेल्या एकाचीही ती पुरी झालेली नाही. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, आणि तिचा पाय कायम त्याच्यावर. रस्त्याकडेचं कुत्रं पलीकडे जावं की नाही याचा अजून विचारच करत असायचं, तोवर इकडे गाडी गचका खाऊन उभी. "मॅडम, मी दाबणारच होतो," असं शिकणारा कुरकुरायचा. "तुम्ही दाबेपर्यंत त्याचं काम झालं असतं," असं म्हणून ती पुढच्या वळणाकडे बघायला लागायची. तरी लोक तिच्याकडेच यायचे, कारण तिने शिकवलेला माणूस परवान्याच्या परीक्षेत सहसा नापास होत नसे. ओरडा सगळ्यांना सारखा मिळायचा आणि कौतुक कुणालाच मिळायचं नाही, त्यामुळे तक्रारीलाही जागा नव्हती.

भिंगरी हे नाव अर्थातच पाठीमागचं. तोंडावर ती मॅडम. नाव ठेवलं ते पोहण्याच्या तलावावरच्या पोरींनी, कारण दिवसभर गाड्या झाल्या की संध्याकाळी ती तिथे चौदा वर्षांखालच्या मुलींना वॉटर पोलो शिकवायची आणि शिकवताना काठावर इकडून तिकडे इतक्या येरझारा घालायची की पायाला भिंगरी बांधलीय की काय असं वाटावं. आता यात तिचा एकटीचा दोष नाही. ती स्वतः तरुणपणी हा खेळ खेळलेली, आणि हा खेळच असा आहे की त्यात पाय थांबवायची सोय नाही. खोल पाण्यात तरंगत राहायचं, तळाला पाय लावायचा नाही, चेंडू एका हाताने झेलायचा नि समोरच्या जाळीत मारायचा. तरंगत राहायचं म्हणजे पाण्याखाली दोन्ही पाय गुडघ्यापासून आळीपाळीने गोल गोल फिरवत ठेवायचे. पोरी त्याला घुसळण म्हणायच्या. घुसळण थांबली की माणूस खाली गेला.

भिंगरीची घुसळण पाण्याबाहेर आल्यावरही सुरूच राहिली होती, एवढंच. दाताच्या डॉक्टरकडे बाकावर बसली तरी तिचे पाय फिरायचे. जेवणाच्या टेबलाखालीही तेच. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काम करायचा आणि दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेम बसवून बसवून त्याला शांतपणाची सवयच लागून गेलेली. टेबल हलायला लागलं की तो आपला पेला उचलून हातात धरायचा आणि जेवण पुढे चालू ठेवायचा. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एवढी समजूत येतेच.

त्यांना एकच मुलगी. तीही संघात होती. गेल्या वर्षात ती अशी काही वाढली होती की पोरी तिला शिडी म्हणायला लागल्या होत्या. हंगाम सुरू व्हायच्या आधी एकदा नवरा म्हणालाही, "लेक आता तुझ्या डोक्यावरून पलीकडचं बघते हं." त्यावर भिंगरी म्हणाली, "बघू दे, पण आधी तिला खोलीतला पसारा बघायला सांग." विषय तिथेच संपला. तलावावर शिडीने आईला मॅडम म्हणायचं असा घरचा नियम होता, आणि इतर पोरींना जेवढा ओरडा बसेल त्यापेक्षा तिला थोडा जास्तच बसायचा. आपल्या पोरीचे लाड केले असं कुणी म्हणायला नको, याचा भिंगरीने इतका धसका घेतला होता की लाड तर सोडाच, बरं केलंस एवढंसुद्धा ती कधी बोलली नव्हती. शिडीची फेक चांगली होती. पाय मात्र लुळे. घुसळायला लागली की डोकं पाण्यावर बाटलीच्या बुचासारखं वरखाली व्हायचं.

त्या वर्षी हंगामाच्या आधीचा सराव सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी घोळ झाला. तलावाच्या खोल बाजूच्या फरशा निखळल्या होत्या. व्यवस्थापकाने तो अर्धा भाग दोर लावून बंद केलेला आणि दुरुस्ती कधी होईल याला "बघू" याखेरीज दुसरं उत्तर नव्हतं. विभागाच्या संघाच्या निवड चाचण्या तोंडावर आलेल्या. दुसरा तलाव मिळेना. भिंगरीचा नुसता संताप झाला. तिने व्यवस्थापकाला झाडलं, मग दोराला लाथ मारली, आणि शेवटी पोहण्याचे कपडे घालून स्वतःच उथळ भागाच्या कडेला उतरली. दोराला लागून जिथे जास्तीत जास्त खोली होती तिथे तळावर टाच टेकून उभी राहिली. पाणी कपाळापर्यंत आलं.

"झालं की," नाकातलं पाणी शिंकरत ती वर येऊन म्हणाली. "इथे कुणाला उभं राहून खेळता येणार नाही. कपाळ बुडतं. या भागात सराव."

भिंगरीची उंची बेताची. पोरी सगळ्या आपल्याएवढ्या किंवा आपल्याहून बुटक्या, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं, आणि मागच्या हंगामापर्यंत ते खरंही होतं. तेरा वर्षांच्या पोरी हिवाळ्याभरात कुठल्या कुठे जातात हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण दिवसरात्र धावपळ करणाऱ्या माणसाला उभं राहून कुणाकडे नीट बघायला सवड कुठली. मोजमाप तिने स्वतःच्या कपाळावर घेतलं आणि मोकळी झाली.

सराव जोरात सुरू झाला. आधी बाहेर दोरीच्या उड्या, भिंतीवर चेंडू, खुर्चीच्या कडेला बसून हवेत घुसळण. मग पाणी. थंड पाण्यात पोरींचे ओठ निळे पडायचे आणि भिंगरी काठावरून शिट्टी फुंकत फिरायची. "हात वर. दोन्ही हात वर. हनुवटी पाण्याबाहेर. हलायचं नाही." हीच चाचणीतली मोठी परीक्षा असायची. दोन्ही हात हवेत धरून, नुसत्या पायांच्या जोरावर, कोण किती वेळ हनुवटी वर ठेवतो ते बघायचं.

दोनतीन दिवसांनी भिंगरी येरझारा घालता घालता थबकली. दोराजवळ शिडी होती. हात वर, हनुवटी पाण्यावर, आणि डोकं अगदी स्थिर. बाजूच्या पोरी हेलकावे खात होत्या आणि ही जशीच्या तशी. भिंगरी बघत राहिली. तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "वा. याला म्हणतात पाय. बघा गं सगळ्या तिच्याकडे."

पोरींनी बघितलं. शिडीनेही आईकडे बघितलं, आणि तिचा चेहरा असा काही फुलला की भिंगरीला एकदम अवघडल्यासारखं झालं. तिने घाईघाईने शिट्टी फुंकली आणि दुसऱ्याच कुणावर तरी ओरडली.

पण त्या दिवसापासून घरातलं वारं फिरलं. जेवताना भिंगरी नवऱ्याला सांगायची, हिचे पाय कसे सुधारले, काही विचारू नकोस. चाचण्या घेणाऱ्या म्हाताऱ्या सरांना तिने आपण होऊन फोन केला. एरवी ती कुणाची शिफारस करणाऱ्यातली नाही. फोनवर म्हणाली, "सर, एक मुलगी दाखवते तुम्हाला. पाण्यात गाडल्यासारखी उभी राहते." हे बोलताना तिला स्वतःच्या शब्दांचाही संशय आला नाही, इतकी ती खूश होती. आणि मग तिने सेंटर बदलली. सेंटर म्हणजे समोरच्या गोलाच्या तोंडाशी ठाण मांडणारी खेळाडू. तिच्या अंगावर प्रतिस्पर्धी सतत चढत असतात, म्हणून तिथे सगळ्यात दणकट पायांची मुलगी लागते. ही जागा गेल्या वर्षी चिमणी म्हणून एक बुटकी, चिवट पोर होती तिची. भिंगरीने चिमणीला कडेला पाठवलं आणि मधे शिडीला घेतलं. चिमणी नुसती टोपीची नाडी पुन्हा पुन्हा सोडून बांधत बसली.

शिडी घरी गप्प गप्प असायची. भिंगरीला वाटलं, चाचणीची धास्ती. तिने तीही उत्साहाने अंगावर घेतली. "काही होत नाही, तुझे पाय आहेत ना," असं ती येता जाता म्हणायची. ते ऐकलं की शिडी ताट तसंच ठेवून उठायची.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी भिंगरी शेवटचा धडा द्यायला स्वतः पाण्यात उतरली. सेंटरच्या अंगावर कसं यायचं आणि सेंटरने ते कसं झेलायचं हे तिला दाखवायचं होतं. "तयार राहा," ती शिडीला म्हणाली, आणि तिच्या खांद्यावर दोन्ही तळवे ठेवून जोरात ढकललं.

पाण्यात तरंगणाऱ्या माणसाला ढकललं की तो सरकतो. शिडी सरकली नाही. ती कलली. कमरेपासून मागे झुकली आणि मग, तोल सावरायला, तिने एक पाऊल मागे टाकलं.

ते पाऊल भिंगरीला तिच्या तळव्यांत कळलं. आयुष्यभर माणसांना पाण्यात ढकललेल्या बाईला ते न कळून कसं चालेल. तिने शिडीच्या डोळ्यांत बघितलं. शिडीने नजर खाली घातली, पाण्यात, जिथे तिचे पाय होते. भोवती सगळ्या पोरी घुसळत होत्या, कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. तिने शिट्टी फुंकली आणि आजचं पुरे म्हणून सांगितलं. ठरलेल्या वेळेच्या आधी तिने सराव संपवल्याचं पोरींना आठवत नव्हतं. त्या संशयाने एकमेकींकडे बघत बाहेर पडल्या.

घरी जाताना शिकवणीचीच गाडी होती. भिंगरी चालवत होती आणि शिडी शेजारच्या सीटवर, जादा ब्रेकवर पाय जाऊ नयेत म्हणून गुडघे दुमडून बसली होती. आता भिंगरीला दिसलं, की ते गुडघे डॅशबोर्डला टेकत होते. हे कधी झालं ते तिला काही केल्या आठवेना.

"कधीपासून?" भिंगरीने विचारलं.

"पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"दोराजवळ गेले तर पाय लागला. चुकून. मी उचलणार होते, आई. तेवढ्यात तू म्हणालीस, वा."

भिंगरीने पुढची गाडी विनाकारण ओलांडली. मागून कुणीतरी हॉर्न मारला.

"मग दुसऱ्या दिवशी का नाही उचललास?"

"दुसऱ्या दिवशी तू परत सगळ्यांना बोलावून दाखवलंस. त्या 'वा'च्या आधी तू मला कधी काहीच म्हणाली नव्हतीस. मला वाटलं, अजून एक दिवस. मग अजून एक." तिचा आवाज चिरकला. "तू सरांना फोन केलास ना, तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन उलटी केली."

भिंगरीला पोरीचा राग आला, हे खोटं कशाला सांगा. फसवलं म्हणून आला, चिमणीची जागा घेतली म्हणून आला. पण तो राग सरळ पुढे जाईना, वळून वळून तिच्याच अंगावर येत होता. एक वा मिळावी म्हणून पोर इतके दिवस तळावर उभी राहिली, आणि आपण पंचवीस वर्षं पाण्यात काढूनही ओळखलं नाही, कारण आपल्याला ते खरं हवं होतं. याचं काय करायचं ते तिला कळेना. म्हणून ती जे नेहमी करायची तेच तिने केलं.

"उद्या तू उतरू नकोस," ती म्हणाली. "बरं नाही म्हणून सांगते मी सरांना. तिथे सगळा तलाव खोल आहे. तू टिकणार नाहीस, आणि सगळ्यांसमोर शोभा होईल."

"मी उतरणार आहे."

"ऐक माझं. हसतील गं."

"हसू देत. तू लगेच ब्रेक दाबू नकोस ना, आई. दर वेळी."

घरी पोचल्यावर नवऱ्याने दार उघडलं, दोघींचे चेहरे बघितले आणि काही न विचारता आत जाऊन ताटं वाढली. जेवताना त्याने सवयीने पेला हातात उचलला, पण टेबल हलत नव्हतं. तेव्हा तो खरा घाबरला.

सकाळी चाचणीच्या तलावावर गर्दी होती. ठिकठिकाणचे संघ, पालक, पिशव्या, ओल्या टॉवेलांचा वास. कपडे बदलायच्या खोलीबाहेर भिंगरीने आपल्या पोरींना गोळा केलं. रात्रभर तिने या बोलण्याची जुळवाजुळव केली होती आणि आता त्यातलं एक वाक्य आठवत नव्हतं.

"मी तुमच्या सरावाची खोली माझ्या उंचीवर मोजली," ती म्हणाली. "तुम्ही वाढलात ते मी बघितलंच नाही. ज्यांची उंची जास्त, त्यांचे पाय तिथे टेकत होते. ही चूक माझी. पाय कुणाचे चांगले आहेत हे मी त्यावरून ठरवलं, तेही चुकलं. सामना झाला तर सेंटरला चिमणी."

कुणी कुणाकडे बघावं ते पोरींना कळेना. अर्थातच सगळ्यांचे डोळे शिडीकडे गेले. मग मागून गोलकीपर पोरगी पुटपुटली, "मॅडम, माझा पण लागायचा. कधी कधी." तिच्यामागून आणखी एकीने हात अर्धा वर केला. चिमणीने सगळ्यांना एकदा न्याहाळलं आणि म्हणाली, "म्हणजे मी एकटीच मरत होते का रोज?" यावर पोरी हसल्या. शिडी हसली नाही. तिने टोपी चढवली आणि आत गेली.

प्रशिक्षकांनी चाचणी चालू असताना बाकावर बसायचं, एक शब्द बोलायचा नाही, अशी तिथली शिस्त होती. भिंगरीच्या दृष्टीने ही शिक्षाच. पोहण्याच्या शर्यती झाल्या. फेक झाली. शिडीची फेक चांगलीच गेली. मग म्हाताऱ्या सरांनी सगळ्यांना पाण्याच्या मध्यावर बोलावलं आणि शिट्टी दिली. हात वर गेले.

शिडी पहिल्या क्षणापासून हेलकावे खायला लागली. डोकं वर, खाली, वर. तोंड वेडंवाकडं झालेलं. पाय कुठे कसे मारत होती देव जाणे, पण पाणी तिच्याभोवती नुसतं उसळत होतं. भिंगरीचा जीव टांगणीला लागला. एकेक पोर हात टाकून काठाकडे निघाली. शिडीच्या ओठांपर्यंत पाणी आलं. तिने मान मागे टाकली आणि हनुवटी पुन्हा वर काढली. भिंगरी बाकावरून उठली. शेजारच्या प्रशिक्षकाने तिच्याकडे बघितलं. आता हाक मारावी, ये बाहेर म्हणावं, पुरे झालं म्हणावं, हे सगळं तिच्या गळ्याशी आलं होतं. तिने ते गिळलं आणि पुन्हा खाली बसली. उजवा पाय तिने डाव्या पायाने दाबून धरला.

आणखी दोघी गेल्या. शिडी अजून होती. कुणाच्याही पाहण्यात इतकं वाईट घुसळणं आलं नसेल, पण होती. मग एका क्षणी तिचे हात कोसळले, ती पूर्ण बुडाली, आणि खोकत, पाणी ओकत वर आली. चिमणी शेवटच्या तिघींत होती आणि हनुवटीला पाणी लागू न देता इकडेतिकडे बघत होती.

निवड जाहीर झाली. चिमणी संघात आली. शिडी आली नाही. म्हातारे सर भिंगरीजवळ येऊन म्हणाले, "ती गाडल्यासारखी उभी राहणारी तुमची मुलगी कुठली हो? मला काही दिसली नाही."

शिडी तिथेच टॉवेल गुंडाळून उभी होती. तिचे पाय अजून लटलटत होते. भिंगरीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "ही. माझी लेक. फोनवर मी चुकीचं सांगितलं होतं, सर. ती तशी नाही."

सर जरा गोंधळले. "फेक चांगली आहे," एवढं म्हणून ते पुढे गेले.

परत येताना गाडीत शिडी पोटऱ्या चोळत बसली होती. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने विचारलं, "मी किती वेळ टिकले?"

भिंगरीच्या गळ्यात स्टॉपवॉच होतं. प्रत्येक पोरीची प्रत्येक वेळ ती घ्यायची, आणि विचारायच्या आत तोंडावर फेकायची. आज शिट्टी झाली तेव्हा तिने बटण दाबलं होतं की नाही, तेही तिला सांगता आलं नसतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "घड्याळ मी बघितलंच नाही गं. तुझ्याकडे बघत होते."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

शिडीने तोंड खिडकीकडे फिरवलं आणि टॉवेलने डोळे पुसले. भिंगरी तिच्याकडेच बघत राहिली. मागे एक हॉर्न वाजला, मग दुसरा, मग रांगेतल्या सगळ्यांनीच वाजवायला सुरुवात केली.

"आई, चल आता," शिडी म्हणाली. "सिग्नल केव्हाचा सुटलाय."